पतंगावरच्या नोंदयंत्रासाठी हलकी बॅटरी : प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

येवल्यात संक्रांत म्हणजे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंगांचे असतात, आणि आमच्या शाळेतील नववीची मुले दिवाळी संपताच आसारीवर, म्हणजे दोरा गुंडाळायच्या फिरकीवर, दोरा चढवू लागतात. उंचीनुसार हवेचे तापमान घटत जाते हे वाक्य फळ्यावर लिहून देण्याऐवजी मुलांच्याच पतंगाने ते मोजून आणावे, या विचारातून हा प्रकल्प सुरू करीत आहोत. पतंगाच्या दोऱ्याला बांधता येईल असे लहान मायक्रोकंट्रोलरचे (एका चिपवरील छोट्या संगणकाचे) नोंदयंत्र तयार करायचे आहे. त्याने दर दोन सेकंदांनी तापमान आणि हवेचा दाब नोंदवावा, आणि खाली उतरल्यावर त्या नोंदी संगणकावर वाचता याव्यात, एवढीच अपेक्षा आहे. दोरा साधा सुती वापरणार आहोत. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ सालीच बंदी घातली आहे, आणि शाळेच्या प्रकल्पात तो येण्याचा प्रश्नच नाही.

सर्किटाला हात लावण्यापूर्वी पतंग किती वजन पेलतो हे पाहणे आवश्यक होते. शेजारच्या पतंग बनवणाऱ्या काकांनी सांगितले की वजन पतंगावर बांधले तर त्याचा तोल जातो आणि तो गिरक्या घेतो. म्हणून वजन मंगळसूत्राच्या, म्हणजे पतंगाला दोरा जोडण्यासाठी बांधलेल्या फासाच्या, खाली, दोऱ्यावरच सुमारे तीन मीटर अंतरावर बांधावे. त्याप्रमाणे ओल्या वाळूच्या लहान पुड्या केल्या, सराफाच्या दुकानातील काट्यावर त्या वजन करून घेतल्या आणि दुपारच्या वाऱ्यात मोठ्या कागदी पतंगाला एकेक लावून पाहिल्या. १२ ग्रॅम वजनाने पतंग सहज चढला आणि वारा थोडा पडला तरी टिकला. १८ ग्रॅमला वाऱ्याची झुळूक थांबताच तो खाली येऊ लागला, आणि २५ ग्रॅमला तो उठलाच नाही. त्यामुळे आवरण, तारा, स्विच आणि बॅटरी धरून एकूण मर्यादा १२ ग्रॅम ठरवली आहे.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

शाळेच्या प्रयोगशाळेत जे उपलब्ध आहे त्याचे वजन केले. अर्डुइनो उनो या शिकाऊ मायक्रोकंट्रोलरची पाटी २५ ग्रॅम आणि तिच्यासोबत मुले नेहमी जोडतात ती चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी ४५ ग्रॅम, म्हणजे ही जोडी मर्यादेच्या जवळजवळ सहापट झाली. ९ व्होल्टची बॅटरी अशा कामाला मुळातच गैरसोयीची आहे, कारण तिच्या पोटात दीड व्होल्टचे सहा छोटे सेल एकामागे एक जोडलेले असतात. त्यामुळे विद्युतदाब (व्होल्टमध्ये मोजतात तो; पुढे नुसता ‘दाब’) वाढतो, पण साठा जेमतेम ५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास राहतो, आणि पाटीवरील रेग्युलेटर ९ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना उरलेले ४ व्होल्ट उष्णतेत घालवतो.

पेन्सिल सेलचाही हिशेब केला. बारीक, म्हणजे ट्रिपल ए मापाचा अल्कलाइन सेल सुमारे साडेअकरा ग्रॅमचा असतो आणि ३ व्होल्टसाठी असे दोन लागतात. त्याच मापाचा लिथियम सेल साडेसात ग्रॅमच्या आसपास भरतो, तरी दोन मिळून १५ ग्रॅम होतात. पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल अल्कलाइनएवढेच जड असून त्यांचा दाब प्रत्येकी १.२ व्होल्टच आहे. हे तिन्ही पर्याय आजच बाजूला ठेवले.

बुधवारी विधानसभेच्या मतदानाची ड्युटी असल्यामुळे या आठवड्यात प्रत्यक्ष काम होणार नाही. मुलांना बॅटरीवर छापलेल्या खुणा वाचून येण्यास सांगितले आहे.

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

मुलांनी खुणांचा अभ्यास चांगला केला. सीआर२०३२ या बटण सेलच्या नावातील सी म्हणजे लिथियम आणि मँगनीज डायऑक्साइड यांची रासायनिक जोडी, आर म्हणजे गोल आकार, २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. लिथियम पॉलिमर (लिपो) सेलवरील ४०१२३० हा आकडाही मापच सांगतो: जाडी ४ मिलिमीटर, रुंदी १२ आणि लांबी ३०. एकदा हे कळले की दुकानदाराला नाव न विचारता माप पाहूनच सेल ओळखता येतो.

हे दोनच उमेदवार आता खऱ्या अर्थाने शर्यतीत आहेत. काट्यावर बटण सेल ३.० ग्रॅम आणि ४०१२३० मापाचा लिपो सेल, त्याच्या संरक्षक पट्टीसह आणि तारांसह, २.९ ग्रॅम भरला. बटण सेलचा साठा सुमारे २२५ मिलिअँपिअर-तास आणि लिपोचा ११० आहे. दाबाचा विचार करून ऊर्जेत मांडले तर बटण सेलमध्ये साधारण ६५० मिलिवॅट-तास आणि लिपोमध्ये ४०० बसतात. म्हणजे सारख्याच वजनात बटण सेल दीडपटीहून अधिक ऊर्जा बाळगतो. मुलांनी लगेच निकाल दिला की बटण सेलच घ्यावा. मी तो निकाल आज मान्य केलेला नाही, कारण साठा किती आहे हे जसे महत्त्वाचे, तसेच तो किती वेगाने बाहेर काढता येतो हेही महत्त्वाचे आहे. अरुंद तोंडाचा रांजण कितीही भरलेला असला तरी त्यातून एका वेळी तांब्याभरच पाणी निघते.

१ डिसेंबर २०२४, रविवार

आज बटण सेलचा अंतर्गत रोध मोजला. पद्धत सोपी आहे आणि शाळेतील साधनांनी होते. प्रथम सेलचा मोकळा दाब मल्टिमीटरवर पाहायचा, नंतर सेलच्या दोन टोकांना २२० ओहमचा रेझिस्टर पाच सेकंद जोडून त्या अवस्थेतील दाब पाहायचा. दोन्ही आकड्यांतील फरकाला भाराखालील दाबाने भागून २२० ने गुणले की सेलच्या आतील रोध मिळतो.

घड्याळाच्या दुकानातून सुटा घेतलेला सेल मोकळा असताना ३.२४ व्होल्ट आणि भाराखाली २.९८ व्होल्ट दाखवीत होता. त्यावरून रोध सुमारे १९ ओहम आला. दुसरा सेल ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त पट्टीतला होता. त्याचा मोकळा दाब ३.१८ होता, म्हणजे पहिल्यापेक्षा फारसा वेगळा नव्हता, परंतु भार जोडताच तो २.४१ व्होल्टवर आला आणि हिशेबाने रोध ७० ओहम निघाला. या एका प्रयोगाने मुलांची आणि माझीही एक सवय मोडली. सेल चांगला आहे की नाही हे आम्ही आजवर मल्टिमीटरची टोके त्याला नुसती टेकवून ठरवीत होतो. मोकळ्या दाबाने दोन्ही सेल सारखेच निरोगी दिसतात, आणि त्यांतला खरा फरक भार पडल्यावरच कळतो. पट्टीतील उरलेले चारही सेल तपासले, आणि त्यांतील एकही ४० ओहमच्या खाली नव्हता.

आता हा रोध वायफायच्या संदर्भात पाहिला. नोंदी जमिनीवरील मोबाइलवर थेट दिसाव्यात अशी मुलांची मनापासून इच्छा आहे, आणि त्यासाठी ईएसपी८२६६ ही चिप त्यांनी निवडली आहे. संदेश पाठवताना ती क्षणभर १७० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते. १९ ओहमला ०.१७ अँपिअरने गुणले तर ३.२ व्होल्ट येतात, म्हणजे सेलचा सगळाच दाब सेलच्या आत संपतो आणि चिपपर्यंत काहीच पोहोचत नाही. बटण सेलवर वायफाय चालणार नाही हे कागदावरच सिद्ध झाले, तरी मुलांच्या समाधानासाठी प्रत्यक्ष जोडून पाहिले. चिपवरील दिवा एकदा लुकलुकला आणि ती पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होत राहिली.

८ डिसेंबर २०२४, रविवार

लिपोवर वायफाय चालते. वायफायची लहान पाटी ३.१ ग्रॅम, सेल २.९, तापमान आणि हवेचा दाब मोजणारा बीएमपी२८० संवेदक ०.९, रेग्युलेटर ०.३, तारा आणि स्विच ०.७, आवरण १.१, असे एकूण ९ ग्रॅम झाले. मर्यादेत बसणारे हे पहिले यंत्र आहे आणि मुलांचा आनंद रास्त होता.

रेग्युलेटरबद्दल एक नोंद सविस्तर करून ठेवते, कारण येथेच अनेकांचे लिपोचे प्रयोग फसतात. पूर्ण भरलेला लिपो सेल ४.२ व्होल्ट देतो, तर बीएमपी२८० ला ३.६ व्होल्टच्या वर दाब चालत नाही. म्हणून मध्ये ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर अनिवार्य आहे. स्वस्त पाट्यांवर बहुधा एएमएस१११७ हा रेग्युलेटर असतो. त्याला स्वतःसाठी सुमारे १.१ व्होल्टचा फरक लागतो, त्यामुळे सेल ३.७ व्होल्टवर आला की पुढे २.६ व्होल्टच जातात. शिवाय काही काम नसतानाही तो सुमारे ५ मिलिअँपिअर खात राहतो. त्याऐवजी एमसीपी१७०० वापरला. तो २५० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह देतो, त्याला त्या भारातही ०.२ व्होल्टपेक्षा कमी फरक पुरतो आणि त्याची स्वतःची भूक दोन मायक्रोअँपिअरच्या आत आहे. दिसायला दोन्ही भाग एकाच कामाचे आहेत, परंतु लहान बॅटरीवर त्यांच्यातील अंतर फार मोठे आहे.

११ डिसेंबर २०२४, बुधवार

आज एक लिपो सेल फुगला. मधल्या सुट्टीत एका विद्यार्थ्याने तो टीपी४०५६ च्या पाटीवर चार्जिंगला लावला होता. ही पाटी बाजारातून येते तेव्हा तिच्यावर १.२ किलोओहमचा रेझिस्टर बसवलेला असतो आणि तो चार्जिंगचा प्रवाह १ अँपिअर ठरवतो. ११० मिलिअँपिअर-तासांच्या सेलला ११० मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाहाने चार्ज करू नये, आणि त्याच्या निम्म्याने केले तर अधिक चांगले. म्हणजे सेलमध्ये त्याच्या सहनशक्तीच्या नऊपट प्रवाह कोंबला जात होता. सेल उशीसारखा फुगलेला दिसताच प्लग काढला, सेल चिमट्याने उचलून वाळू भरलेल्या मातीच्या मडक्यात ठेवला आणि मडके मैदानाच्या कोपऱ्यात नेले. आग लागली नाही, कोणालाही इजा झाली नाही.

चूक त्या मुलाची नाही. पाटी कपाटातून बाहेर काढण्यापूर्वी तिच्यावरील रेझिस्टर बदलणे हे माझे काम होते आणि ते मी केले नव्हते. संध्याकाळी बसून सर्व पाट्यांवर २० किलोओहमचे रेझिस्टर सोल्डर केले. मोजलेला चार्जिंग प्रवाह आता ६२ मिलिअँपिअर आहे. प्रयोगशाळेच्या दारावर नियम लावला आहे की मोठ्या माणसाच्या उपस्थितीशिवाय कोणताही लिथियम सेल चार्जिंगला लावायचा नाही.

१५ डिसेंबर २०२४, रविवार

बुधवारच्या घटनेनंतर लिपोबद्दल पुन्हा विचार केला. संक्रांतीच्या आसपास पतंग कटणे नेहमीचे असते, आणि आमचे यंत्र कोणाच्या पत्र्यावर, काटेरी बाभळीत किंवा वाळलेल्या मक्याच्या कडब्यात जाऊन पडू शकते. पातळ पिशवीसारखा लिपो सेल काट्याने टोचला गेला किंवा बैलगाडीखाली चिरडला गेला तर तो पेट घेऊ शकतो. जे यंत्र परत हाती येईल याची खात्री नाही, त्यावर असा सेल ठेवणे मला योग्य वाटत नाही.

मुलांशी यावर मोकळेपणाने चर्चा केली. एकीने विचारले, “बाई, मोबाइलवर दिसणारच नसेल तर लोकांना दाखवायचं काय?” प्रश्न प्रामाणिक होता. मी तिला विचारले की पतंग वर असताना आकडे पाहिले काय आणि खाली आल्यावर पाहिले काय, हवेच्या तापमानात काही फरक पडणार आहे का? बराच वेळ विचार करून तिनेच सांगितले की फरक पडणार नाही, फक्त उत्सुकता ताणली जाईल. वायफाय सोडण्याचा निर्णय त्यानंतर सर्वांनी मिळून घेतला.

आता दिशा उलटी केली आहे. आतापर्यंत यंत्र आधी ठरवून त्याला पुरेशी बॅटरी आम्ही शोधत होतो. आता तीन ग्रॅमचा बटण सेल गृहीत धरून त्याला झेपेल एवढ्याच भुकेचे यंत्र करायचे आहे. मायक्रोकंट्रोलर म्हणून एटीटायनी८५व्ही घेतला. नावाच्या शेवटचे व्ही अक्षर येथे महत्त्वाचे आहे, कारण साध्या एटीटायनी८५ ला किमान २.७ व्होल्ट लागतात, तर व्ही प्रकार १.८ व्होल्टपर्यंत चालतो. नोंदी ठेवण्यासाठी एसडी कार्डाचा मोह टाळला, कारण लिहिताना कार्ड १०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह मागू शकते. त्याऐवजी २४एलसी२५६ ही ३२ किलोबाइटची स्मृती-चिप घेतली. लिहिताना ती जास्तीत जास्त ३ मिलिअँपिअर घेते आणि तेही सुमारे ५ मिलिसेकंदच. तिला किमान २.५ व्होल्ट लागतात. म्हणजे संपूर्ण यंत्राची खालची मर्यादा आता २.५ व्होल्ट झाली.

एका नोंदीला आठ बाइट दिले आहेत. चिपचे एक पान ६४ बाइटचे असल्यामुळे आठ नोंदी साठवून त्या एकदम लिहिता येतात आणि लिहिण्याचा खर्च दर १६ सेकंदांनी एकदाच येतो. एकूण ४,०९६ नोंदी बसतात आणि दोन सेकंदांच्या अंतराने त्या सव्वादोन तास पुरतात. तापमान आणि हवेचा दाब यांचे अंतिम गणित यंत्रावर न करता संवेदकाचे कच्चे आकडेच साठवायचे आणि गणित संगणकावर करायचे, ही सूचना एका विद्यार्थ्याची आहे. त्यामुळे मायक्रोकंट्रोलरचा जागे राहण्याचा वेळ खूप कमी झाला.

२२ डिसेंबर २०२४, रविवार

प्रवाह मोजण्यातच आजचा अर्धा दिवस गेला. साधा मल्टिमीटर २०० मायक्रोअँपिअरच्या पट्ट्यावर (मोजमापाच्या टप्प्यावर) लावला की यंत्र सुरू होई आणि पहिले पान लिहिताना बंद पडे. दोष यंत्राचा असावा असे समजून आम्ही तासभर प्रोग्राम तपासत राहिलो. दोष मोजण्याच्या पद्धतीत होता. अशा मीटरमध्ये प्रत्येक पट्ट्याच्या पूर्ण मापाला ०.२ व्होल्ट पडतील एवढा रोध असतो, म्हणजे २०० मायक्रोअँपिअरच्या पट्ट्यावर तो १ किलोओहम असतो. स्मृती-चिपने ३ मिलिअँपिअर मागताच सगळे ३ व्होल्ट मीटरमध्येच पडत होते.

यावर उपाय असा केला की सेलच्या वाटेत १ किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याच्या पुढे, यंत्राच्या बाजूला, १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला. क्षणिक मागणी कपॅसिटर भागवतो, सेलकडून सरासरी प्रवाह संथपणे येत राहतो, आणि रेझिस्टरवर जेवढे मिलिव्होल्ट दिसतील तेवढेच मायक्रोअँपिअर समजायचे. ही युक्ती कोणत्याही शाळेला परवडणारी आहे.

पहिले मोजमाप २९० मायक्रोअँपिअर आले, जे अपेक्षेच्या दसपट होते. झोपी जाण्यापूर्वी चिपमधील अ‍ॅनालॉग मोजमापाचा भाग बंद करण्याची ओळ प्रोग्राममध्ये राहून गेली होती. ती घालताच आकडा ५२ वर आला. कमी दाब ओळखून चिप थांबवणारी अंतर्गत व्यवस्था बंद केल्यावर तो ३१ वर स्थिरावला. तीनशेच्या घरातून एकतीसवर येण्यासाठी एकही नवा भाग विकत घ्यावा लागला नाही, याचे मुलांना फार अप्रूप वाटले, आणि मलाही.

२९ डिसेंबर २०२४, रविवार

३१ मायक्रोअँपिअरने दोन तासांचे उड्डाण म्हणजे ०.०६२ मिलिअँपिअर-तासांचा खर्च. सेलमध्ये २२५ आहेत. एका उड्डाणाला साठ्याचा सुमारे ३,६०० वा भाग लागतो. ज्या आकड्यावरून आम्ही नोव्हेंबरमध्ये बॅटऱ्यांची तुलना करीत होतो, तो साठ्याचा आकडा आता निवडीत काही ठरवीतच नाही. ठरवतो तो अंतर्गत रोध, आणि पान लिहिताना दाब २.५ व्होल्टच्या वर राहतो की नाही ही एकच कसोटी.

पूर्ण यंत्राचे वजन १०.३ ग्रॅम भरले. त्यातील सेल ३.० आणि त्याचा धारक १.४ ग्रॅमचा आहे. बटण सेलवर थेट सोल्डर करून धारकाचे वजन वाचवण्याची कल्पना आली होती, पण ती नाकारली, कारण सोल्डरिंगच्या उष्णतेने सेलच्या आतील विभाजक पडदा आणि सील खराब होतात आणि सेल फुटूही शकतो.

५ जानेवारी २०२५, रविवार

पहिले उड्डाण झाले आणि दोरा तुटला. पतंग सुमारे अर्धा किलोमीटरवर कांद्याच्या शेतात पडला. आम्ही पोहोचण्यापूर्वीच शेतातील एक ताई यंत्र घेऊन समोर आल्या आणि म्हणाल्या, “बाई, हे तुमच्या शाळेचं का? माझी बारकी तोंडात घालायला निघाली होती.” मुलगी दीड-दोन वर्षांची होती. आवरण कागदी नळीचे होते आणि सेल धारकात केवळ रबर बँडने अडकवलेला होता. पडताना रबर बँड निसटला होता आणि सेल धारकातून अर्धा बाहेर आला होता.

हे मी येथे सविस्तर लिहिते, कारण हलक्या बॅटऱ्यांची तुलना करताना वजन, दाब आणि किंमत यांचे रकाने आम्ही केले होते, आणि हा रकाना केला नव्हता. २० मिलिमीटरचा लिथियम सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्यातून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाने तेथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांतही खोल भाजल्यासारखी जखम होऊ शकते. ३ व्होल्टचा दाब आणि नेमके अडकण्याजोगे माप, या दोन्हींमुळे हा सेल इतर बटण सेलांपेक्षा अधिक घातक ठरतो. असा सेल गिळल्याची शंका आली तरी वाट न पाहता मुलाला रुग्णालयात न्यावे लागते. ताईंची क्षमा मागितली. पुढील उड्डाण थांबवले आहे.

१० जानेवारी २०२५, शुक्रवार

यंत्राची भूक इतकी कमी झाली आहे की त्याहून लहान सेलही पुरेल, हे रविवारनंतर लक्षात आले. घड्याळाच्या दुकानात सीआर१२२० मिळाला: व्यास साडेबारा मिलिमीटर, जाडी २ मिलिमीटर, वजन ०.८ ग्रॅम, साठा सुमारे ३५ मिलिअँपिअर-तास. २२० ओहमच्या भाराखाली त्याचा दाब ३.२२ वरून २.६२ व्होल्टवर आला, म्हणजे अंतर्गत रोध ५० ओहम. स्वस्त पट्टीतल्या वाईट सीआर२०३२ च्या बरोबरीला जाणारा हा रोध आहे, तरीही ३ मिलिअँपिअरला दाब ०.१५ व्होल्टच पडेल, आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सोबत असल्यामुळे त्याहूनही कमी. लहान सेलही निरुपद्रवी नाही. म्हणून संपूर्ण धारकावर उष्णतेने आकसणारी नळी चढवली, तिची दोन्ही टोके चिकटवली आणि कात्रीशिवाय सेल बाहेर येणार नाही याची खात्री सहा वेळा दगडी ओट्यावर यंत्र टाकून केली. वर शाळेचे नाव आणि “आत बटण सेल आहे, लहान मुलांपासून दूर ठेवा” असे लिहिले. नव्या धारकासह एकूण वजन ७.३ ग्रॅम झाले.

१२ जानेवारी २०२५, रविवार

वीजतारांपासून दूर, मोकळ्या माळावर दुपारी उड्डाण केले. यंत्र ४१ मिनिटे वर राहिले. जमीन आणि सर्वात उंच बिंदू येथील हवेच्या दाबात १०.४ हेक्टोपास्कलचा फरक आला. आपल्याकडील उंचीवर दर हेक्टोपास्कलला ९.२ मीटर धरले तर उंची सुमारे ९६ मीटर होते. तापमान १.१ अंशाने कमी भरले. कोरडी हवा वर जाताना दर किलोमीटरला ९.८ अंश थंड होते, त्या हिशेबाने ०.९ अंश अपेक्षित होता. दुपारी तापलेल्या जमिनीलगत हा उतार याहून तीव्र असतो, त्यामुळे आमचा आकडा समजण्याजोगा आहे.

चिप स्वतःच्या अंतर्गत १.१ व्होल्टच्या संदर्भाशी तुलना करून सेलचा दाबही नोंदवत होती. एरवी ३.०६ आणि पान लिहिताना सर्वात कमी २.९५ व्होल्ट.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

संक्रांत. आज आकाशात पेच लागलेले असताना यंत्र उडवायचे नाही असे आधीच ठरले होते. ते कपाटात आहे.

१९ जानेवारी २०२५, रविवार

निफाडकडची थंडी आणि तेथील द्राक्षबागांत पहाटे पेटणाऱ्या शेकोट्या यांवरून मुलांनी पुढचा प्रश्न काढला आहे: पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते का, आणि किती उंचीपर्यंत? अशा पहाटे वारा पडलेला असतो, त्यामुळे पतंग उपयोगी नाही. ग्रामपंचायतीच्या परवानगीने गावातील पाण्याच्या टाकीच्या शिडीवर तीन उंचींना तीन यंत्रे बांधणार आहोत. येथे वजनाचे बंधन नाही आणि जागा मुलांच्या हाताबाहेर आहे, म्हणून चांगल्या रोधाचे सीआर२०३२ वापरू. दर पाच मिनिटांनी एक नोंद घेतल्यास सरासरी प्रवाह ७ मायक्रोअँपिअर मोजला आहे. त्या गतीने सेल तीन वर्षांहून अधिक पुरेल, परंतु ४,०९६ नोंदींची स्मृती १४ दिवसांत भरते. म्हणून दर दुसऱ्या रविवारी शिडी चढून नोंदी उतरवून घेण्याची पाळी लावली आहे, आणि पहिली पाळी २ फेब्रुवारीला माझी आहे.